मोहाखालचा पाला

परात पडली तेव्हा रंजिता दिपिकाला एक्स्पेक्ट आणि होप यांतला फरक समजावून सांगत होती. मांडणीच्या वरच्या फळीवरून ती मोठी स्टीलची परात सुटली, ओट्याच्या कडेवर आपटली आणि मग लादीवर काठाकाठानं गरगरत राहिली. पडण्याच्या आवाजापेक्षा तो गरगरण्याचा आवाज वाईट. आता संपेल, आता संपेल म्हणावं तर आणखी बारीक होत दातांत शिरणारा. दिपिकाच्या हातातलं पेन उडालं. भिंतीपलीकडून शेजारच्या रेश्माची हाक आली, "काय गो, भांडी धुतेस का फोडतेस?" खाली गल्लीत कुत्रं भुंकलं. आणि दाराशी घडी केलेल्या गोधडीवर पाठमोरी बसलेली कमळ, रंजिताची दीड वर्षांची लेक, डब्याच्या झाकणात शेंगदाण्याची टरफलं भरत होती, ती भरतच राहिली. तिचा खांदा हलला नाही. मान हलली नाही. एक टरफल झाकणाबाहेर पडलं, ते तिनं दोन बोटांनी उचलून पुन्हा आत ठेवलं आणि हातानं थोपटून नीट बसवलं, जसं काही जगात त्या क्षणी तेवढंच एक घडलं होतं.

"मॅडम, पुढं?" दिपिका म्हणाली. ती अकरावीची, समोरच्या इमारतीतली. रंजिताकडे इंग्रजीच्या शिकवणीला यायची. पुढं काय सांगायचं होतं ते रंजिताला आठवेना. ती कमळच्या मानेवरच्या कुरळ्या जावळाकडे बघत होती. नुसती फुंकर मारली तरी हलणारं ते जावळ. मग कुठून तरी तिचाच आवाज तिला ऐकू आला, शिकवणीतला, ठाम: ज्याला काही आधार आहे, त्याला एक्स्पेक्ट म्हणायचं. ढग आले आहेत, म्हणून पाऊस एक्स्पेक्ट करतो. ज्याला आधार नाही, नुसतं मन म्हणतंय, त्याला होप. दिपिकानं ते लिहून घेतलं. "म्हणजे माझ्या मार्कांना होप," ती म्हणाली आणि स्वतःच हसली.

त्या दिवसापासून रंजितानं घरातल्या प्रत्येक आवाजाचं माप घ्यायला सुरुवात केली. कमळच्या पाठीमागे जाऊन ती टाळी वाजवी. कमळ वळली की तिच्या छातीत दिवा लागे, आणि पुढच्याच क्षणी ती स्वतःच तो विझवून टाकी: टाळीचा वारा लागला असेल, भिंतीवर सावली हलली असेल. वारा लागू नये म्हणून लांबून वाजवली, तर कमळ वळली नाही. मग वाटे, खेळात रमली असेल. चमचा वाटीवर, किल्ल्यांचा जुडगा, मोबाइलमधली बडबडगाणी, कुकरची शिट्टी. शिट्टीला ती कधीच दचकली नव्हती आणि आपण सगळे म्हणत होतो, किती धीट पोर! सहाव्या महिन्यात ती दिवसभर बा-बा, गा-गा करायची, एकटीच, छताकडे बघून. मग हळूहळू ते कमी होत गेलं, विहिरीचं पाणी कमी होतं तसं, रोज कुणाला दिसत नाही असं. रेश्मा म्हणाली होती, "आमच्या रितेशनं तीन वर्षं तोंड उघडलं नाय, आता बंद कर म्हटलं तर करत नाय. तू उगाच जीव टांगून घेतेस." सुरज, तिचा नवरा, आसनगावच्या कंपनीत पाळीत काम करणारा, तोही हसून म्हणाला होता, "पोरगी शांत आहे. आईवर गेली नाही, माझं नशीब." आणि सगळ्यात मोठा पुरावा तर त्याचाच होता. सुरज कामावरून आला की इमारतीच्या लोखंडी जिन्यावर त्याचे बूट वाजत, आणि तो दारात दिसायच्या आधीच कमळ खेळ टाकून दाराकडे धावे. न ऐकता कशी धावते? असं सुरज विचारी. उत्तर रंजिताला एका संध्याकाळी सापडलं. ती कमळशेजारी लादीवर पालथी पडून तिच्यासारखीच तळवे टेकून बघत होती; आणि सुरज यायच्या वेळेला जिना थरथरला, जिन्याची थरथर गॅलरीच्या कठड्यात आली, कठड्यातून लादीत, लादीतून रंजिताच्या तळव्यांत. कमळ उठून दाराकडे धावली. रंजिता तशीच पडून राहिली. अंगावर काटा आला होता तो भीतीचा होता, पण सगळाच भीतीचा नव्हता. ह्या एवढ्याशा जिवानं कुणी न शिकवता आपला बाप जमिनीतून ओळखायला शिकून घेतला होता. परात पडली त्या दिवशी ती गोधडीवर बसली होती.

कल्याणच्या दवाखान्यातली डॉक्टरीण तरुण होती, केस आखूड, बोलणं भराभर. तिनं कमळच्या मागे खुळखुळा वाजवला, घंटी वाजवली, कानात बारीक बत्ती घालून पाहिलं आणि सांगितलं, "झोपेतली तपासणी करावी लागेल. डोक्याला तारा लावतो, कानात आवाज सोडतो. मेंदूपर्यंत पोचतो की नाही ते मशीन दाखवतं. गाढ झोपायला हवी. त्यामुळं मंगळवारी पहाटे लवकर उठवा आणि इथं येईपर्यंत अजिबात झोपू देऊ नका." मग हात धुता धुता, शेजारच्या मदतनीस मुलीला उद्देशून, हळू आवाजात, इंग्रजीत म्हणाली की आय डोन्ट एक्स्पेक्ट मच. रंजिता कमळच्या फ्रॉकची बटणं लावत होती. तिनं शेवटचं बटण लावलं, मग काढलं, मग पुन्हा लावलं. डॉक्टरणीला होप म्हणता आलं असतं. तिनं एक्स्पेक्ट म्हटलं. म्हणजे तिला ढग दिसले होते.

घरी येताना, जीपच्या मागच्या सीटवर, तिला शाळा आठवली. डोळखांबकडची आश्रमशाळा, पत्र्याचं छप्पर, आणि पाचवीच्या पुस्तकातलं चित्र: एक मुलगी बाकावर बसली आहे, पायाशी छत्री. खाली लिहिलेलं, शी इज वेटिंग. रंजितानं ते क्रियापद पाड्यातल्या बोलीत मनात म्हणून पाहिलं होतं, वाट बगते. पाड्यात वाट बघायचीच असते. बाप सुट्टीला न्यायला येईल याची, भात पिकायची, कामावर गेलेली माणसं परत यायची. पण पुढच्या इयत्तांमध्ये कळत गेलं की त्या भाषेत वाट बघण्याला एक शब्द नाही, उतरंड आहे. वेट म्हणजे नुसतं थांबून राहणं, छत्री पायाशी ठेवून. अवेट जरा दबदब्याचं, साहेबाची वाट बघावी तसं. अँटिसिपेट म्हणजे येणारं ओळखून आधीच जागेवरून हलणं. आणि लुक फॉरवर्ड टू, ज्यात माणूस आनंदानं पुढं वाकलेलाच दिसतो. लहानपणी तिला त्याचं केवढं नवल वाटलं होतं! कुठल्या तरी लांबच्या देशात माणसांनी आपल्या ताटकळण्याला इतकी वेगवेगळी मडकी केली, ह्यात हे ठेवायचं, त्यात ते. तिला कधी आपली बोली दुबळी वाटली नाही. आपण एकाच हंड्यात सगळं कालवतो एवढंच, चवीला तेही चांगलं लागतं. पण तिला ती मडकी हवी होती. त्यांच्यासाठी ती शिकली, पाड्यातली पहिली मुलगी शहापूरच्या कॉलेजात गेली. कमळ पोटात होती तेव्हा सोनोग्राफीच्या खोलीत कुणीतरी म्हणालं, शी इज एक्स्पेक्टिंग, आणि पुढं कर्म न लावता ते क्रियापद तसंच उघडं सोडून दिलं, तेव्हा तिला भर गर्दीत हसू फुटलं होतं. काय एक्स्पेक्ट करते ते सांगायचीच गरज नाही, इतकं ते मोठं! आता जीपमध्ये कमळ तिच्या मांडीवर झोपली होती, ओठ उघडे, आणि तिला दिपिकाला पाठ करायला लावलेलं पत्राचं शेवटचं वाक्य आठवत होतं, लुकिंग फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू. प्रत्येक अर्जाच्या तळाशी, सहीच्या वर. पोरं न बघता लिहितात.

सोमवारी ती माहेरी गेली. सुरजला सुट्टी मिळाली नव्हती, आणि तिचा भाऊ भगीरथ डोळखांब-शहापूर रस्त्यावर स्वतःची इको गाडी चालवायचा; तोच मंगळवारी सकाळी कल्याणला नेणार होता. पहाटे उठवायचंच आहे तर आईजवळ उठवू, असं ती सुरजला म्हणाली. खरं कारण तिलाही संध्याकाळी कळलं, घरामागच्या चढावर मोहाच्या झाडाखाली उभी राहिल्यावर. झाड निष्पर्ण होतं, फांद्यांच्या टोकांना फुलांचे झुबके लोंबत होते, फिकट, ओलसर, आणि सगळ्या चढावर तो गोड आंबूस वास साचला होता. झाडाखालची जमीन तिच्या आईनं अंगणासारखी स्वच्छ झाडून ठेवली होती. मोहाच्या दिवसांत असंच करायचं असतं: साग, पळस, मोह, सगळा पडलेला पाला झाडून कडेला ढीग करायचा, म्हणजे पहाटे गळलेलं फूल डोळ्याला दिसतं. फांदी हलवायची नाही, झोडायची नाही. फूल पिकलं की आपण होऊन सोडतं. लहानपणी रंजिता आईबरोबर अंधारात यायची, टोपली मांडीत घेऊन बसायची, आणि दर वर्षी पहिल्या दिवशी, आई जमीन झाडायच्या आधी, एक पहाट अशी मिळायची की पाला अजून खाली असायचा आणि फुलं त्यावर पडायची. टप्. मग कितीतरी वेळ काही नाही. मग मागे कुठंतरी, टप्. भाजलेल्या पापडावर कुणी बोट ठेवावं असा आवाज. इतका लहान आवाज जगात दुसरा नसेल, आणि तरी अख्खं रान तो ऐकत असल्यासारखं वाटे. ती श्वास धरून बसायची. आता पुढचं कुठं? डावीकडे? पाठीमागे? ते वेट नव्हतं, होप नव्हतं. तिच्याकडे तेव्हा कुठलंच क्रियापद नव्हतं.

तिनं कडेच्या ढिगात दोन्ही हात घातले आणि पाला झाडाखाली ओढायला लागली. कवेत मावेल तेवढा. अंधार पडेपर्यंत तिनं अख्खी जमीन पुन्हा झाकून टाकली.

पहाटे तिची आई, बारकी, टोपली घेऊन पुढं गेली होती. रंजिता कमळला कडेवर घेऊन पोचली तेव्हा ती कमरेवर हात ठेवून उभी होती. बाप, नामा, खडकावर बसून विडी शोधत होता.

"हे कोनाचं काम गो?" बारकी म्हणाली. "दोन दिस कंबर मोडून झाडलं मी. डुकरं आलती का काय?"

"मी केलं, आये."

"तू?" बारकीनं तिच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. "कालेजात हेच शिकवतात का? आता पाल्यात फूल गवसायचं कसं? तुझ्या बापाच्या चष्म्यानं?"

"माजा चष्मा घरी हाय," नामा म्हणाला.

"आजच्या दिवस राहू दे," रंजिता म्हणाली. "मी झाडीन नंतर. सगळं मी झाडीन. मला... ती ऐकते का बघायचंय. फूल पडल्याचं."

बारकीच्या हातातली टोपली खाली आली. तपासणी आहे एवढंच तिला माहीत होतं. कसली ते रंजितानं 'डोक्याची' असं मोघम सांगितलं होतं. ती नातीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मंग बस ना. उभी काय?" आणि स्वतः खडकाशी टेकून, पदर आवळून, मुकाट बसली. नामानं सापडलेली विडी पेटवली नाही.

रंजिता पाल्याच्या मधोमध बसली. कमळला मांडीत घेतलं, पाठ आपल्या पोटाला लावून, तोंड पलीकडे. पोर झोपेनं जड होती, पण झोपवायची नव्हती. पूर्वेला डोंगराची कड नुसती वेगळी कळत होती. मागे, उजवीकडे, पहिलं फूल पडलं. टप्. रंजिताचं सगळं अंग त्या बाजूला वळलं, वीस वर्षांपूर्वी वळायचं तसं. तिनं ते जोर लावून जागच्या जागी धरलं, कारण तिचं अंग हललं तर कमळला कळलं असतं. कमळ स्वतःच्या पायाचा अंगठा धरून होती. टप्. जवळ, अगदी पाठीशी. अंगठा. टप्. लांब. आईनं खडकाजवळून तिच्याकडे पाहिलं आणि पटकन नजर काढून घेतली. रंजिताला वाटलं, उठावं आणि फांदी गदागदा हलवावी, सगळी फुलं एकदम पाडावीत, पाल्यावर पाऊस पडावा एवढा आवाज व्हावा, मग तरी वळेल. तिचा हात उठलासुद्धा. नामा हळू म्हणाला, "नको गो पोरी." एवढंच. हात परत मांडीवर आला.

उजेड वाढला. आणि एक फूल कमळच्या समोर पडलं, तिच्या पायापासून हातभर अंतरावर, सागाच्या पानावर. ते पडताना तिला दिसलं. ती मांडीवरून घसरून उतरली, पाल्यात दोन पावलं टाकून बसली, फूल उचललं, दाबलं, रस बोटांना लागला तो चाटला. तोंड वाकडं केलं. पुन्हा चाटलं. मग तिनं ते पान उचलून खाली बघितलं, फूल पानातून उगवलं की काय असं. तिथं काही नव्हतं. ती उकिडवी बसून विचार करत राहिली. रंजितानं तिला असा विचार करताना कधी पाहिलं नव्हतं, किंवा पाहिलं असेल तरी त्याला विचार म्हटलं नव्हतं. आणि मग कमळनं वर पाहिलं.

मान इतकी मागे गेली की ती धपकन बसली. पुन्हा उठली, पाय फाकवून, पोट पुढं काढून, आणि झाडाकडे बघत उभी राहिली. रिकाम्या आभाळात काळ्या फांद्या, टोकांना झुबके. तिच्या मागे फूल पडलं, टप्, ती वळली नाही. डावीकडे पडलं, वळली नाही. ती वरच बघत होती. तोंड उघडं, भुवया किंचित वर, हात अंगाबाहेर, आणि डोळ्यांत ते जे काही होतं ते रंजितानं दुसऱ्या कुठल्याच माणसाच्या डोळ्यांत पाहिलं नव्हतं, कारण दुसरी माणसं वाट बघताना आणखी काहीतरी करत असतात: विडी शोधतात, घड्याळ बघतात, पत्र लिहितात. ही नुसती बघत होती. तिच्या डोक्यात एकही शब्द नव्हता. वाट नव्हता, वेट नव्हता, फूल नव्हता, स्वतःचं नावसुद्धा नव्हतं, कारण ते तिनं कधी ऐकलं नव्हतं. हे रंजिताला त्या क्षणी कळलं, मशीनच्या आधी, डॉक्टरणीच्या आधी, शांतपणे, जसं उजाडलेलं कळतं. ऐकलं नव्हतं. एकदाही नाही. पोटात असताना गायलेली गाणी, कानात सांगितलेलं बारशाचं नाव, काही नाही. आणि तरी ही उभी होती. येईल, असं हिला कुणी सांगितलं? कशाच्या आधारावर? त्या शांततेच्या आत, जिथं रंजिताला कधीच जाता येणार नव्हतं, एक अख्खी येणारी गोष्ट तयार होती आणि पोर तिच्यासाठी जागा करून उभी होती. रंजिताला आपल्याच मुलीसमोर हात जोडावेसे वाटले.

उंचावरच्या एका झुबक्यातून फूल सुटलं. कमळचे डोळे त्याच्याबरोबर खाली आले, फांदीपासून पाल्यापर्यंत, सबंध वाट. ती खळखळून हसली. मोठ्यानं, घशातून, स्वतःला न ऐकू येणारं हसू. बारकीनं पदर तोंडाशी नेला.

मग कमळनं पुन्हा वर पाहिलं आणि ह्या वेळी उजवा तळवा पुढं केला. उताणा, देवळात प्रसादाला करतात तसा. फूल आलं नाही. तिनं तो हलवला नाही. थोड्या वेळानं मागे येऊन तिनं रंजिताचं बोट पकडलं, तिला ओढून उभं केलं, झाडाखाली नेलं, तिची बंद मूठ एक एक बोट करून उघडली आणि तळवा वर करून ठेवला. आपला तळवा त्याच्या शेजारी.

"हातावर मोह झेलनारी माणसं पयल्यांदाच बगते मी," बारकी म्हणाली. "पडायचा नाय गो असा कुनाच्या हातावर."

"पडंल," नामा म्हणाला. "नाय तर नाय."

खाली रस्त्यावरून भगीरथनं हॉर्न दिला. एकदा, मग लांबलचक. कावळे उडाले. बारकीनं वळून पाहिलं, नामानं पाहिलं. "ताई, चल गो!" भगीरथ ओरडला, "पुढं ट्राफिक लागंल!" कल्याणला जायचं होतं. तारा, मशीन, आणि त्याच्यापुढचं सगळं, कानामागचं यंत्र, हातांची भाषा, ज्यातलं रंजिताला अजून एक अक्षरही येत नव्हतं आणि जी आता तिला पहिलीपासून शिकायची होती. हे सगळं तिथं खाली, इंजिन चालू ठेवून थांबलं होतं. तिनं भावाकडे न बघता मोकळा हात वर करून थांब अशी खूण केली. दुसरा हात तिनं हलवला नाही. कमळनं एकदा तिच्या तळव्याकडे पाहून तो जागेवर असल्याची खात्री करून घेतली, आणि दोघींनी माना मागे टाकल्या. वर, अगदी टोकाला, वारा नसताना, एक फूल हललं.